कानापाशी एक भोक

डहाणूच्या खाडीत सकाळी बोटी लागतात, तेव्हा काठावर उभं राहिलं की मला हटकून सुनील गावसकर आठवतो. आता इथे क्रिकेटचं काय आहे? टोपल्या असतात, बर्फाचा चुरा असतो, बोंबलाच्या ढिगाभोवती भावावरून चाललेला बायकांचा कल्ला असतो. पण त्या कल्ल्यातून एखादी बाई कडेवरचं पोर सावरत, दुसऱ्या हातानं टोपली ओढत पुढे येते आणि 'सनी डेज'ची सुरुवातीची पानं माझ्या डोळ्यांपुढे उभी राहतात.

पुस्तक १९७६ सालचं. लिहिणारा जेमतेम सत्तावीस वर्षांचा. क्रिकेटपटूंची आत्मचरित्रं बहुधा गल्लीतल्या पहिल्या बॅटपासून सुरू होतात. हे सुरू होतं प्रसूतिगृहातल्या पाळण्यापासून. १० जुलै १९४९ ला मुंबईत बाळ जन्मलं. नारायण मसुरेकर नावाचे घरातले काका बघायला आले. त्यांनी बाळाला नीट न्याहाळलं, आणि डाव्या कानाच्या पाळीपाशी असलेलं एक बारीकसं भोक त्यांच्या नजरेत भरलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, बाळ उचललं, कान पाहिला. भोक नव्हतं. मग जी धावाधाव झाली असेल ती झाली. अखेर भोकवालं बाळ सापडलं ते एका कोळणीच्या कुशीत, गाढ झोपलेलं. आंघोळ घालताना कुठेतरी अदलाबदल झाली असावी.

ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. गावसकरवर लिहिणाऱ्या प्रत्येकानं ती एकदा तरी सांगितली आहे, आणि सांगताना गंमत म्हणूनच सांगितली आहे. मला वाटतं तिच्यात गमतीपेक्षा जास्त काही आहे. लेखकानं ती कशी सांगितली आहे ते पाहा. गळा काढलेला नाही. दैवाचे, देवाचे आभार मानलेले नाहीत. काकांची नजर शाबूत नसती तर आपण पश्चिम किनाऱ्यावर कुठेतरी मासे मारत कष्टाचं, अनाम आयुष्य काढत असतो, एवढं तो हलकेच सुचवतो. आणि मग त्याला आठवण होते त्या दुसऱ्या बाळाची. काही तास आपल्या जागी झोपलेल्या त्या पोराचं पुढे काय झालं असेल, त्याला क्रिकेटची आवड असेल का, हे पुस्तक कधी त्याच्या हाती पडलं तर तो सुनील गावसकर नावाच्या माणसाकडे जरा जास्त लक्ष देईल का, असं तो मिश्कीलपणे विचारतो.

रसिकानं थांबावं ते इथे. स्वतःच्या सुटकेची गोष्ट सांगताना जो सुटला नाही त्याची आठवण होणं, तीही सत्तावीस वर्षांच्या, नुकतीच कीर्ती डोक्यावर आलेल्या मुलाला, हे मला त्या साऱ्या पुस्तकातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

आणि आमच्या बाजूच्या वाचकाला ती पश्चिम किनाऱ्याची कल्पना मोघम राहत नाही. सातपाटीपासून चिंचणी, वरोर, डहाणू, बोर्डी आणि पुढे तलासरी तालुक्यातली झाई, म्हणजे थेट गुजरातच्या हद्दीपर्यंत, हा त्याच किनाऱ्याचा तुकडा. बुटका, दणकट मनगटांचा, लाटेच्या आधी लाट ओळखणारा एक म्हातारा तांडेल माझ्या कल्पनेत झाईच्या बंदरात जाळं शिवत बसलेला असतो. त्याच्या कानाला भोक नाही. त्याच्यात आणि भारताच्या सलामीवीरात फरक एवढाच.

गावसकरच्या फलंदाजीवर इतकं लिहून झालं आहे की नवं काय सांगावं. १२५ कसोटी, १०,१२२ धावा, ३४ शतकं. दहा हजारांचा उंबरठा त्यानं पहिल्यांदा ओलांडला तो ७ मार्च १९८७ ला अहमदाबादेत. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात चार कसोटींत ७७४ धावा. त्यातल्या शेवटच्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, दाढ ठणकत असताना १२४ आणि २२०. हे आकडे शाळकरी पोरांना पाठ असत. मला त्या फलंदाजीतल्या दोनच गोष्टी इथे हव्या आहेत.

एक, बघणं. चेंडू सोडून देणं ही त्याची खरी कला होती. सोडायचा म्हणजे हातातून सुटल्यापासून यष्टिरक्षकाच्या ग्लोव्ह्जपर्यंत तो पाहायचा. चेंडू कुठे पडला, किती वळला, किती उसळला, याची नोंद ठेवायची आणि बॅट मात्र आत ओढून घ्यायची. त्याचं ते सोडणं पाहताना असं वाटे की हा माणूस चेंडू वाचतो आहे. काकांनी कान पाहिला तसा.

दुसरी गोष्ट, आधी जाणं. सलामीला जाणाऱ्याचं काम फार विचित्र असतं. चेंडू नवा, गोलंदाज ताजा, खेळपट्टी ओलसर, आणि पुढे काय वाढून ठेवलं आहे हे कोणालाच माहीत नाही. जे काही असेल ते आधी ह्यानं अंगावर घ्यायचं. मागच्यांना कळेल तेव्हा चेंडूची लकाकी गेलेली असेल. वेस्ट इंडिजविरुद्ध त्याची १३ कसोटी शतकं आहेत, आणि त्यातली काही ज्या माऱ्यासमोर झाली त्या माऱ्यासमोर हेल्मेट न घालता आज कोणी मुलाला उभं राहू देणार नाही. १९८३ मध्ये गयानात माल्कम मार्शलचा चेंडू कपाळावर आदळला. तो उभा राहिला आणि नाबाद १४७ करून परतला. त्यानंतरही हेल्मेट नाहीच. टोपीखाली एक कवटी झाकणारी पातळ पट्टी आली, बस्स.

हा हट्ट कुठून आला असेल? पुन्हा 'सनी डेज'मध्येच उत्तर सापडतं. लहानपणी घरातल्या अरुंद वाटेत आई टेनिसचा चेंडू टाकायची. एकदा पोरानं मारलेला फटका तिच्या नाकावर बसला, रक्त आलं. पोरगं घाबरलं. आईनं तोंड धुतलं, रक्त थांबलं, आणि ती परत चेंडू टाकायला उभी राहिली. मीनल गावसकरांच्या त्या परत उभं राहण्याला मी मार्शलसमोरच्या १४७ पेक्षा तसूभरही कमी मानत नाही.

आता १९९३ कडे येतो. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्या दिवसांतला एक प्रसंग गावसकरनं स्वतः सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. वर्षं लोटली, वडिलांचा गौरव होत असताना मुलानं, रोहननं, तो सांगितला. घरची मंडळी गच्चीत उभी होती. खाली रस्त्यावर जमावानं एका कुटुंबाला अडवलं होतं. जमावाच्या मनात काय आहे हे वरूनही कळत होतं. गावसकर धावत खाली गेला, जमावासमोर उभा राहिला आणि त्यानं जे सांगितलं त्याचा आशय असा: ह्यांचं जे काही करायचं ते आधी माझं करा. जमाव निवळला. कुटुंब वाटेला लागलं.

प्रसंग एवढाच. चार-पाच वाक्यांत संपतो. पण एखाद्या उत्तम ओवीसारखा तो हळूहळू उलगडतो.

आधी ती गच्ची घ्या. उंचावरून पाहणाऱ्याला एक सोय असते. दिसतं सगळं, करावं काहीच लागत नाही. १९९२-९३ च्या दंगलींच्या त्या महिन्यांत मुंबईत किती गच्च्यांवरून किती जणांनी किती पाहिलं असेल, आणि खिडक्या लावून घेतल्या असतील. त्यांना नावं ठेवायला मी कोण? आत बायको-पोरं असतात. गावसकरचीही होती, तिथेच, त्याच्या शेजारी. गच्चीपासून रस्त्यापर्यंतचं अंतर हा या प्रसंगाचा गाभा आहे असं मला वाटतं. त्या अंतरात माणसाला विचार बदलायला पुरेसा वेळ मिळतो. पोलिसांना फोन करू, अजून कोणाला तरी बोलावू, आपण गेल्यानं चिघळेल, अशी शहाणी कारणं प्रत्येक पायरीवर उभी असतात. ड्रेसिंग रूमपासून खेळपट्टीपर्यंतही असंच अंतर असतं. सोळा वर्षं ते अंतर चालायची सवय झालेला माणूस त्या दिवशी पायऱ्या उतरला.

मग त्याचे शब्द. 'थांबा' असं तो म्हणाला नाही. 'मला ओळखलं का' असंही नाही. उपदेश नाही, एकात्मतेचं भाषण नाही. शब्द निवडला तो 'आधी'. सलामीच्या फलंदाजाचा शब्द. नवा चेंडू आधी मी खेळतो, त्यांचा नंबर माझ्यानंतर. जमावाला कापायला एक कुटुंब हवं होतं. त्यानं त्या कुटुंबाच्या आणि जमावाच्या मधोमध यष्टीसमोर घेतात तसा गार्ड घेतला.

आणखी एक. रोहननं सांगितलेल्या त्या हकिगतीत कुटुंबाचं नाव येत नाही, धर्म येत नाही. ऐकणारा ते आपापल्या मनानं भरतो, पण सांगणाऱ्यानं ते सांगितलेलं नाही. सांगायची गरज त्याला वाटली नाही, हे मला फार आवडलं.

एक शंका मात्र मांडतो, कारण ती न मांडता कौतुक करणं म्हणजे आरती ओवाळणं. जमाव थांबला तो चेहऱ्याला. गावसकरचा चेहरा तेव्हा घराघरातल्या भिंतीवर होता. हेल्मेट न घालणाऱ्या माणसाला त्या दिवशी त्याच्या प्रसिद्धीचं हेल्मेट मिळालं, असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. आमच्या डहाणू तालुक्याला तर हा प्रसंग वाचताना गडचिंचले आठवल्यावाचून राहत नाही. १६ एप्रिल २०२० ची रात्र. टाळेबंदी, चोर आल्याच्या अफवा, नाक्यावर अडवलेली गाडी, आणि पोलिसांदेखत दोन साधू आणि त्यांचा चालक यांची हत्या. त्या रात्री गावच्या महिला सरपंचांनी जमावाला बराच वेळ आवरायचा प्रयत्न केला, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्यांचा चेहरा कोणाच्या भिंतीवर नव्हता. धैर्य दोन्हीकडे एकाच जातीचं, निकाल वेगळा. पण म्हणून गावसकरचं धैर्य उणं होत नाही. गावसकर उतरला तेव्हा आपला चेहरा चालेल की नाही हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पेटलेल्या जमावाला चेहरे दिसतातच असं नाही. गडचिंचल्यानं आम्हाला तेच शिकवलं.

त्याच २०२० साली, टाळेबंदीच्या सुरुवातीला, गावसकरनं ५९ लाख रुपये दिल्याची बातमी आली. ती त्यानं स्वतः दिली नाही. मुंबईच्या अमोल मुजुमदारनं सांगितली. ३५ लाख पंतप्रधानांच्या निधीला, २४ लाख मुख्यमंत्र्यांच्या. विचित्र आकडे. माणूस देणगी देतो तेव्हा पन्नास देतो, एक्कावन्न देतो. ३५ आणि २४ कुठले? भारतासाठी ३५ शतकं, मुंबईसाठी २४.

आणि जुलैत, एकाहत्तराव्या वाढदिवसाला, त्यानं ३५ मुलांच्या हृदय शस्त्रक्रियांचा खर्च उचलला. खारघरला श्री सत्य साई संजीवनी हे बालकांच्या हृदयविकाराचं रुग्णालय आहे. तिथे पैसे घेत नाहीत, अगदी कोणाकडूनही नाही. त्या कामाला पैसा उभा करणाऱ्या संस्थेशी गावसकर जोडला गेलेला आहे. एका शतकाला एक मूल, असा त्याचा हिशेब.

क्रिकेटमधल्या आकड्यांचा मला तसा कंटाळा आहे. सरासरीवरून भांडणारी माणसं बघितली की उठून जावंसं वाटतं. पण हा हिशेब वाचला आणि मी कागद-पेन घेऊन बसलो. कसोटीतली ३४. पस्तिसावं कुठलं? एकदिवसीय सामन्यातलं, त्याच्या कारकिर्दीतलं एकमेव. ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर, विश्वचषक, समोर न्यूझीलंड. अंगात ताप. गटात पहिलं यायचं तर नुसतं जिंकून भागत नव्हतं, झपाट्यानं जिंकायचं होतं. ह्याच माणसानं १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर साठ षटकं खेळून काढून १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या होत्या. त्या दिवसाचं समर्थन मी कधी केलं नाही आणि आजही करणार नाही. नागपूरला त्यानं ८५ चेंडूंत शतक ठोकलं. पाच दिवसांनी वानखेडेवर तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. म्हणजे पस्तिसावं शतक अगदी उतरणीवर, जाता जाता पदरात पडलेलं. तापाचं निमित्त सांगून तो त्या दिवशी हॉटेलात पडून राहिला असता तर कोणी दोष दिला नसता. तेहतीस वर्षांनी यादीत एक मूल कमी झालं असतं.

नागपूरच्या त्या खेळीकडे पाहायची याहून चांगली रीत मला सापडलेली नाही.

मुलांची हृदयंच का, हा प्रश्न राहतो. त्यानं त्याची कारणं दिली असतील, मी त्यांच्या मागे लागत नाही. मला आपलं ते भोक दिसतं. जन्मजात हृदयविकारातला नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला राहिलेलं छिद्र. आपल्याकडे आई सांगते, पोराच्या काळजाला भोक आहे. एका बाळाला कानापाशी भोक होतं म्हणून त्याचं आयुष्य वाचलं. दुसऱ्याला काळजाला आहे म्हणून ते जाणार आहे. आणि मध्ये कुठेतरी एक माणूस उभा आहे, ज्याला आपण कोणत्या बाजूच्या पाळण्यात झोपलो होतो हे सत्तरी ओलांडल्यावरही आठवतं. हा योग त्यानं जुळवला असेल असं मी म्हणत नाही. आयुष्य कधी कधी लेखकापेक्षा बरं लिहितं.

आता आमच्या तालुक्यांतलं सांगतो, कारण तिथेच हा विषय खरा उघडा पडतो.

हजार मुलं जन्मली तर त्यांतल्या आठ-नऊंना हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. हे प्रमाण वरळीला, लंडनला आणि तलासरीच्या पाड्याला साधारण सारखंच. फरक पडतो तो दिसण्यात. पडद्याला मोठं छिद्र असलं की डाव्या बाजूचं रक्त उजवीकडे जातं, फुप्फुसांत जादा रक्त साठतं. बाळ दूध ओढता ओढता थकतं, कपाळाला घाम येतो, धाप लागते, वजन वाढत नाही, छातीचा सर्दी-खोकला वरचेवर होतो. मुंबईत असं बाळ चटकन डोळ्यांत भरतं, कारण शेजारची बाळं गुटगुटीत असतात. पालघर जिल्ह्यातल्या पाड्यावर बारीक बाळ हे नवल नाही. बारक्या बाळांच्या रांगेत ते एक बारकं बाळ उभं असतं. कुपोषित म्हणून त्याची नोंद होते, खाऊ मिळतो, आणि काळजाचं भोक तसंच राहतं. वजन न वाढण्याचं कारण ताटात शोधलं जातं, ते असतं छातीत.

इथे पुन्हा काका लागतो. कान नीट पाहणारा.

आमच्याकडे त्या काकाचं काम अंगणवाडी सेविका करते. 'अंगणवाडी' हा शब्दच मुळी आमचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, आणि बालवाडीला मूल येत नाही तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यावी या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली तीही इथेच. मूल आपल्याकडे येईल म्हणून वाट पाहायची नाही, आपण खाली उतरून त्याच्याकडे जायचं, ही कोसबाडची रीत गच्चीवरून रस्त्यावर उतरणाऱ्या माणसाला कळली असती. आज राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत आणि एकदा शाळांत मुलं तपासायला येतात. जन्मजात दोष शोधणं हे त्यांचं एक मुख्य काम. पण पथक येतं आणि जातं. रोज तेच पोर पाहणारी सेविकाच असते. 'डॉक्टर, ह्याचे ओठ रडताना निळे पडतात', हे वाक्य तिच्या तोंडून आलं की अर्धी लढाई जिंकली.

उरलेली अर्धी म्हणजे खारघरपर्यंतचा रस्ता. तलासरीच्या माणसाला दवाखाना म्हटलं की सिल्वासा, वापी, वलसाड जवळचे वाटतात. मुंबई लांबची, नवी मुंबई त्याहून लांबची. डहाणू रोडहून लोकल २०१३ पासून सुटते, तरी बाळाला कडेवर घेऊन गाड्या बदलत जायचं, आठ-दहा दिवस तिथे राहायचं, भातलावणी सोडायची, मागची पोरं कोणाकडे ठेवायची, हे सगळं त्या आईच्या डोक्यात एकदम येतं. शस्त्रक्रिया फुकट आहे हे तिला कोणी सांगितलं तरी तिचा पहिल्यांदा विश्वास बसत नाही. फुकटाला काहीतरी खोट असते, हे शहाणपण गरिबांनी सावकारांकडून शिकलेलं आहे. इथे मात्र प्रसिद्ध चेहऱ्याचा खरा उपयोग होतो. 'गावसकरनं पैसे भरलेत' हे बापाला कळतं. त्याच्या लेखी तो माणूस खोटं बोलणार नाही. तो चेंडू उगाच मारायला जात नसे.

गावसकरमध्ये उणं नाही असं नाही. १९८१ मध्ये मेलबर्नला पायचीत दिल्यावर चिडून तो चेतन चौहानला घेऊन मैदानाबाहेर निघाला होता. संघव्यवस्थापकांनी चौहानला सीमारेषेवरून परत पाठवलं म्हणून कसोटी वाचली, आणि ती भारतानं जिंकलीही. त्या रागाची खंत त्यानं पुढे बोलून दाखवली. वांद्र्याला क्रिकेट प्रशिक्षणासाठी १९८८ मध्ये सरकारकडून भूखंड मिळाला, तिथे काही उभं राहिलं नाही, २०२२ मध्ये तो परत केला. तीसहून अधिक वर्षं मोकळी जागा मुंबईत पडून राहणं ही लहान गोष्ट नाही, आणि त्याच्या चाहत्यांनी ती झाकू नये. १९९९ पासून 'चॅम्प्स' ही त्याची संस्था अडचणीत आलेल्या जुन्या खेळाडूंना, क्रिकेटबाहेरच्यांनाही, मदत करते, हे खरं. ते भूखंडाच्या बदल्यात मोजायचं कारण नाही. दोन्ही आपापल्या रकान्यात राहू द्यावीत. धावफलकावर शून्य आणि द्विशतक शेजारी शेजारी असतात, बेरीज करून कोणी ती लपवत नाही.

मला त्याच्या माणूसपणात मोहवतो तो मोजकेपणा. भावनेचा पूर येत नाही. देतो तेव्हा आकडा हिशेबी असतो, बोलतो तेव्हा वाक्य एक असतं, आणि पुढे गप्प बसतो. फलंदाजीही अशीच होती. बॅट सरळ, पाय चेंडूजवळ, शरीर चेंडूच्या रेषेत, आणि फटका लागेल तेवढाच. गर्दीला षटकार हवा असायचा. तो चेंडू तळपायाशी दाबून ठेवायचा. अशा माणसाचं प्रेम पटकन दिसत नाही. ते पाहायलाही काकांची नजर लागते.

म्हणून डहाणू-तलासरीतल्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे. घरात, शेजारी, पाड्यावर एखादं बाळ दूध पिताना धापा टाकत असेल, त्याच्या कपाळाला घाम येत असेल, रडताना त्याचे ओठ किंवा नखं निळी पडत असतील, खाऊनही वजन वाढत नसेल, तर ते नुसतं अशक्त आहे म्हणून सोडून देऊ नका. अंगणवाडी सेविकेला दाखवा, बाल स्वास्थ्य पथकाला दाखवा, डहाणूच्या सरकारी रुग्णालयात न्या आणि छातीला नळी लावून तपासायला सांगा. खारघरला पैसे लागत नाहीत.